पत्त्याचं पान, पुस्तकाचं पान

प्रश्न : माझा मोठा भाऊ पंधरा वर्षांपासून 'मॅजिक : द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळतो. मी कधीच खेळलेले नाही. त्याने त्याची लाडकी कादंबरी, जेफ ग्रब यांची 'द ब्रदर्स वॉर', मला वाचायला दिली. आम्ही दोघं एकाच वाचकगटात आहोत. तिथे एक वही असते, पुस्तक वाचून झालं की तिच्यात मत लिहायचं आणि पाचपैकी गुण द्यायचे. मी दोन दिले. लिहिलं, 'सुरुवात रेंगाळते. नावं लक्षात राहत नाहीत. राजकन्येशी लग्नाची अट म्हणजे पुतळा हलवणं, हे कुठून आलं? शेवटी सगळं एकदम उडवून दिलंय. असल्या कादंबऱ्या म्हणजे कार्डं खपवायच्या जाहिराती, आणि त्या आवडणाऱ्यांनी खरी कादंबरी वाचलेली नसावी.' त्याच पानावर दादाच्या खेळगड्याने पाचपैकी पाच दिलेत. दादा एवढंच म्हणाला, 'ज्याला खेळ येत नाही त्याने यावर बोलू नये.' त्याला तीन आठवडे झाले. तो कामापुरतं बोलतो. मी मत बदलू का? आणि एकाच पुस्तकाला दोन आणि पाच असे गुण पडत असतील, तर वाचकांच्या मतांना अर्थ तरी काय?
ता. क. : पुस्तकात खुणेला त्याचं एक कार्ड होतं, प्लास्टिकच्या पाकिटात. वर 'ॲशनॉड्स ऑल्टर' असं लिहिलंय. वाचताना ते मी बाजूला काढून ठेवलं. ते त्याला हातात परत देऊ की पुस्तकातच ठेवू?
— दोन गुणवाली

प्रिय दोन गुणवाली,

कादंबरीचं नाव 'भावांचं युद्ध' आणि ती वाचून घरात बहीण-भावाचा अबोला! पत्र वाचताना हसू आलं, त्याबद्दल आधीच माफी मागते. तुमच्या ताज्या कलमाकडेही येते, पण शेवटी. ते मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं.

गुण बदलू नका. दोन वाटले, दोन दिले, विषय संपला. भावाचा रुसवा काढायला दोनाचे चार केलेत तर त्या वहीचा उपयोग संपेल आणि दादालाही ते कळेल. पण तुमचं शेवटचं वाक्य खोडा. आधीच्या चार वाक्यांत तुम्ही पुस्तकाबद्दल बोलता. पाचव्यात अचानक पुस्तक सोडून वाचणाऱ्यांवर घसरता. त्यांनी काय वाचलंय आणि काय नाही, हे तुम्हाला कुठून ठाऊक? आणि ज्याने स्वतःची प्रत विश्वासाने तुमच्या हातात दिली, तोही त्या 'आवडणाऱ्यां'मध्येच बसलेला होता. दादाला दोन गुण लागलेले नाहीत. हे वाक्य लागलंय.

त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मात्र अगदीच हवेतला नाही, आणि तुमची बाजू म्हणून तो सांगायला हवा. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने बेतलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी त्यावरची पहिली कादंबरी निघाली, विल्यम फोर्स्टचेन यांची 'अरीना'. त्या काळातल्या या कादंबऱ्यांसोबत एक कूपन असायचं. ते टपालाने पाठवलं की एक खास कार्ड घरी यायचं, जे कार्डांच्या नेहमीच्या पाकिटांत मिळत नसे. आता पुस्तक कार्डासाठी की कार्ड पुस्तकासाठी, हे तुम्हीच ठरवा. त्या कूपनांच्या कार्डांपैकी 'मॅना क्रिप्ट' हे एक पुढे इतकं नावाजलं की खेळाडू त्यासाठी मोठी रक्कम मोजू लागले. ते मुळात एका कादंबरीचं शेपूट होतं, हे त्यांच्यातल्या अनेकांच्या गावीही नसतं.

पण गंमत अशी की त्याच 'अरीना'चा नायक, एका डोळ्याचा गार्थ, वाचकांच्या डोक्यातून गेला नाही. २०२१ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर २७ वर्षांनी, त्याच्या नावाचं कार्ड निघालं. नुसती जाहिरात एवढी वर्षं कोण लक्षात ठेवतं? काहीतरी वाचलं गेलं होतं.

तुमच्या हातातल्या पुस्तकाची गोष्ट तर उलट्या क्रमाची आहे. उर्झा आणि मिश्रा या भावांची भाऊबंदकी आधी कार्डांवर आली, मार्च १९९४ च्या 'ॲंटिक्विटीज' या संचात. तीही सलग नाही. या खेळाच्या बऱ्याच कार्डांवर तळाशी तिरक्या अक्षरांत एखाद-दुसरी ओळ असते. तिचा डावाशी संबंध नसतो, नुसती चव असते. एका कार्डावर कुणाचं तरी म्हणणं, दुसऱ्यावर एका यंत्राचा उल्लेख, तिसऱ्यावर त्या युद्धाबद्दलची एखादी ओळ. खेळाडूंनी हे तुकडे जुळवत नेले. दोन भाऊ होते. ते भांडले. त्यांच्या यंत्रांनी एक अख्खं खंड भाजून काढलं. का भांडले, हे पुरतं कुणालाच ठाऊक नव्हतं. ग्रब यांची कादंबरी आली १९९८ मध्ये, चार वर्षांनी. तोवर 'ॲंटिक्विटीज'ची पाकिटं छापणं कधीच थांबलं होतं. म्हणजे ती कार्डं खपवायला हे पुस्तक लिहिलं, असं म्हणता येत नाही. (त्याच वर्षी ऑक्टोबरात उर्झाच्या नावाचा नवा संच आला, तेव्हा प्रकाशक काही साधुसंत नव्हते, एवढं कबूल करते.)

दादाने खेळायला सुरुवात केली तेव्हा पुस्तक जुनं झालं होतं, पण त्यानेही ही माणसं आधी कार्डांतूनच पाहिली असणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच कथेवर, याच नावाचा नवा संच निघाला. तो त्याने उघडला नसेल तर मी माझं सदर बंद करते.

आता त्या पुतळ्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. 'हे कुठून आलं?' असं तुम्ही विचारलंत. उत्तर अगदी सरळ आहे. कार्डातून आलं. १९९३ च्या पहिल्याच संचात 'जेड स्टॅच्यू' नावाचं कार्ड आहे. एरवी तो नुसता हिरवा पाषाण, पण लढाईपुरता तो जिवंत होतो आणि लढतो. लेखकाने तो पुतळा उचलला, योशियाच्या राजधानीत, क्रूगमध्ये, नेऊन ठेवला आणि त्याचं शिवधनुष्य केलं. जो हा हलवील त्याला राजकन्या कायला. शरीराने बेताचा, घड्याळजीकडे काम करणारा उर्झा यंत्र बांधून पुतळा हलवतो. बाकीचे बलदंड उमेदवार बघत राहतात.

मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही खेळ येत नव्हता. तो पुतळ्याचा प्रसंग वाचून मी मनात म्हटलं होतं, चला, स्वयंवर आलं, आता धनुष्यही येईल. मग काही वर्षांनी नाइलाजाने खेळ शिकले. (नाइलाजाने, कारण घरातल्या दोघांना तिसरा भिडू हवा होता. मी बरेच महिने फक्त हरले.) नंतर पुस्तक पुन्हा उघडलं आणि त्याच पानावर थांबून हसले. जो पुतळा मी कितीदा तरी टेबलावर आडवा करून समोरच्या अंगावर सोडला होता, तो इथे चौकात उभा होता, धूळ खात, आणि कुणालाच हलत नव्हता. ओळखीचा माणूस अनोळखी गावात दिसावा तसं झालं.

पण हा आनंद पानात छापलेला नव्हता. तो मी बरोबर घेऊन गेले होते. पहिल्या वाचनात तोच प्रसंग मला ओळखीच्या साच्यातला वाटला होता आणि ते वाटणंही खरं होतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की वहीतले दोन आणि पाच हे एकाच प्रश्नाचे गुण नाहीत. दादाच्या खेळगड्याने, बहुधा स्वतःच्या नकळत, उत्तर दिलंय ते या प्रश्नाचं : मी ज्या माणसांना इतकी वर्षं ओळखतो त्यांना या पुस्तकाने न्याय दिला का? तुम्ही उत्तर दिलंय ते वेगळ्या प्रश्नाचं : काहीच ठाऊक नसताना हे पुस्तक मला धरून ठेवतं का? पहिल्या प्रश्नाला पाच आणि दुसऱ्याला दोन हे एकाच वेळी खरं असू शकतं. खोटं कुणीच बोलत नाही.

आणि दुसरा प्रश्न खेळाडू सोडवूच शकत नाही. हे मी जरा ठासून सांगते, कारण दादाने तुम्हाला नेमकं याचं उलटं सांगितलंय. लेखकाने पानावर पुरेसं ठेवलंय की नाही हे त्याला दिसत नाही. जिथे पान रिकामं असतं तिथे त्याची आठवण भर घालते आणि त्याला पान भरलेलंच वाटतं. शिवण कुठे उसवलीय हे ज्याला आतलं अस्तर माहीत नाही त्याच्याच बोटाला लागतं. खेळावरून लिहिलेली कादंबरी कादंबरी म्हणून उभी राहते की नाही, हे बघायला न खेळणारा वाचकच लागतो. तुम्ही 'पुतळा कुठून आला' असं विचारलंत, तेव्हा उसवलेल्या जागीच बोट ठेवलंत.

हे सदर दादाच्या हाती पडेल अशी मला दाट शंका आहे. म्हणून दोन ओळी त्याला. दादा, ज्याला खेळ येत नाही त्याने बोलायचं नसेल, तर त्याने वाचायचंही कशाला? आणि तुम्हीच तर तिला वाचायला दिलंत. नियम सांगणारं पत्रक लिहिलं असतं तर ते फक्त खेळाडूंसाठी आहे असं म्हणता आलं असतं. ग्रब यांनी कादंबरी लिहिली, आणि कादंबरी म्हटलं की ती ज्याच्या हाती पडेल त्याची होते. तुम्हाला बहिणीच्या मताचा राग आलेला नाही, तुम्हाला ती तुमच्या आवडीला हसली असं वाटलंय. ते वाटणं रास्त आहे, पण तुम्ही त्याला नियमाचा कोट घातलात.

पुन्हा तुमच्याकडे येते. तुमच्या चार तक्रारींवर माझं मत मागितलेलं नाहीत, तरी देते.

सुरुवात रेंगाळते, खरंच. तोकासिया या बाईच्या उत्खननाच्या छावणीत दोन पोरं वाळू उपसत बसतात आणि आपण वाट बघत बसतो. पण दुसऱ्या वाचनात हाच भाग मला जास्त आवडला. उर्झाचा जन्म वर्षाच्या पहिल्या दिवशी आणि मिश्राचा त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, एवढ्या एका तपशिलात लेखकाने पुढचं सगळं भांडण पेरून ठेवलंय. थोरला म्हणावं तर जेमतेम थोरला, बरोबरीचे म्हणावं तर बरोबरीचेही नाहीत. मग कोइलॉसच्या गुहेत एक शक्तिशाली दगड फुटून त्याचे दोन तुकडे होतात, एकेकाच्या हातात एकेक जातो, आणि दुसऱ्याचा तुकडाही आपलाच असायला हवा होता असं दोघांनाही वाटत राहतं. त्या दगडांच्या भांडणातच ज्या बाईने त्यांना वाढवलं ती जाते. हे समजायला कुठलंच कार्ड लागत नाही. वाटण्या झालेल्या कुठल्याही घरातला माणूस ते वाचू शकेल.

नावांबद्दल मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. अर्जिव्ह, कॉर्लिस, योशिया, फलाजी, तेरिसिआरे, आणि प्रत्येकाचे सरदार वेगळे. नकाशा बघत वाचावं लागतं.

शेवटाबद्दल मात्र तुम्हाला एक मजा सांगते. ज्या भांड्याने शेवटी सगळं उडतं, ते गोल्गोथियन सायलेक्स, हेही 'ॲंटिक्विटीज' संचातलं कार्ड आहे. आणि त्याचं काम काय? ते चालवलं की त्या संचातली सगळी कार्डं खेळातून बाद होतात. आपल्याच संचाचा आपणच शेवट करणारं कार्ड. ज्यांनी ते १९९४ मध्ये हातात धरलं त्यांना युद्ध कसं संपणार हे चार वर्षं आधीच ठाऊक होतं. ते पुस्तक वाचत होते ते काय होईल हे बघायला नाही, आता केव्हा होईल हे बघायला. भांडं पहिल्यांदा दिसतं त्या पानावर खेळाडूच्या पोटात गोळा येतो. तुम्हाला दिसलं ते एक जुनं भांडं, आणि मग धडाम. इथे दोष तुमचा नाही. दुसऱ्या वाचनातही मला वाटलं की लेखकाने त्या भांड्याची ओळख करून द्यायला उशीर केला, कारण त्याने गृहीत धरलं की वाचक ते ओळखतोच. माझ्या लेखी पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोष हाच.

म्हणजे माझे किती गुण? पहिल्या वाचनात अडीच दिले असते. आता साडेतीन देते. त्यातला एक गुण पुस्तकाचा नाही, टेबलाचा आहे, हे मला मान्य आहे.

इतरांची मतं कशी वाचायची, हेही विचारलंत. गुणांचा आकडा आधी बघूच नका. लिहिणारा खेळतो की नाही ते शोधा. बहुधा पहिल्या दोन वाक्यांत कळतं. मग बघा, तो पानावर काय आहे हे सांगतो की काय असायला हवं होतं हे. 'हे जुन्या इतिहासाशी जुळत नाही' अशा तक्रारी तुम्ही सरळ ओलांडून जा. खेळाडूंसाठी त्यांना अर्थ आहे, कारण सुरुवातीच्या पुस्तकांतलं जग आणि पुढे खेळ काढणाऱ्या कंपनीने घडवलेलं जग यांचा मेळ बऱ्याच ठिकाणी बसत नाही. तुम्हाला त्याचं काय? तसंच 'अखेर अमुक पात्र भेटलं!' हा आनंदही तुमच्या कामाचा नाही. कामाचं असतं ते 'मधली शंभर पानं एका बैठकीत वाचली' किंवा 'तिसऱ्या लढाईनंतर कोण कुणाच्या बाजूने ते कळेना' असलं वाक्य. ते एका गुणाच्या मतातही सापडतं आणि पाच गुणांच्याही.

कधीकधी मात्र ओलांडून जाण्यासारखी वाटणारी तक्रारच पुस्तकाबद्दल सगळ्यात जास्त सांगून जाते. २०१९ मध्ये 'वॉर ऑफ द स्पार्क' या संचाच्या निमित्ताने ग्रेग वाइझमन यांच्या दोन कादंबऱ्या आल्या. त्या संचात वेगवेगळ्या जगांत ये-जा करू शकणाऱ्या जादूगारांची ३६ कार्डं होती. कार्डांच्या खेळात ३६ म्हणजे चैन, कादंबरीत ३६ म्हणजे लग्नाचा मांडव. कुणाला दोन वाक्यंही धड मिळत नाहीत. शिवाय चांद्रा आणि निस्सा या दोन बायकांमधलं प्रेम वाचक कित्येक वर्षं जुन्या गोष्टींतून जपत आले होते. दुसऱ्या पुस्तकाने ते एका परिच्छेदात झटकून टाकलं तेव्हा ते फार दुखावले. न खेळणाऱ्याला तो परिच्छेद साधा वाटेल. पण त्यातून कळतं की लेखक आणि वाचक यांच्यात काय ठरलं होतं आणि ते कुणी मोडलं. अशी मतं चिडून लिहिलेली असतात, तरी ती वाचावीत.

दादाशी बोलायचं कसं? वहीत ते एक वाक्य खोडून खाली फक्त एवढं लिहा, 'मी हा खेळ खेळत नाही.' त्याने तुमचं मत कमी होत नाही. वाचणाऱ्याला ते कुठून आलंय हे कळतं. त्याच्या खेळगड्यानेही 'मी खेळतो' असं लिहावं, म्हणजे फिटंफाट. दादाला म्हणा, 'वाचणाऱ्यांबद्दल जे लिहिलं ते चुकलं. पुस्तकाबद्दल जे लिहिलं ते तसंच आहे.' दोन्ही वाक्यं एका दमात म्हणा. मध्ये थांबलात तर तो पहिल्यावरच समाधान मानेल आणि दुसरं पुन्हा भांडण होऊन येईल. तो मनवायला लागला तर ऐका, पण खेळ शिकायचं वचन देऊ नका. माझे ते हरण्याचे महिने आठवतात.

आणखी एखादं पुस्तक वाचून बघायची इच्छा झाली (होईलच असं नाही), तर ब्रँडन सँडरसन यांची 'चिल्ड्रन ऑफ द नेमलेस' ही लघुकादंबरी शोधा. ती २०१८ मध्ये मोफत प्रसिद्ध झाली. त्यात दोन बहिणी आहेत, एक दिवसा आंधळी, दुसरी रात्री. खेळातलं काहीही ठाऊक नसताना ती वाचता येते. तिला किती गुण देता ते कळवा.

आता ते कार्ड.

'ॲशनॉड्स ऑल्टर', ॲशनॉडची वेदी. ॲशनॉड तुम्हाला आठवत असेल, मिश्राच्या पदरची तांबड्या केसांची बाई, जी माणसांच्या देहांवर प्रयोग करते. माझ्या मते या पुस्तकातलं सगळ्यात जिवंत माणूस तीच. दोन्ही भाऊ स्वतःला शेवटपर्यंत फसवत राहतात. आपण काय करतोय हे तिला पहिल्यापासून पक्कं ठाऊक असतं. ती आणि उर्झाचा शागीर्द टॉनॉस शत्रू असून एकमेकांशी जसं बोलतात तसं त्या अख्ख्या पुस्तकात दुसरं कुणी कुणाशी बोलत नाही. तुमच्या मतात तिचा उल्लेखही नाही, याचं मला जरा आश्चर्य वाटलं.

तिच्या नावाच्या कार्डाचं काम एका ओळीचं आहे. टेबलावरचा आपलाच एक जीव बळी द्यायचा, बदल्यात थोडी ताकद मिळते. हवे तितक्या वेळा. माझ्यासमोर ते पहिल्यांदा कुणी टाकलं तेव्हा मला वाटलं, समोरचा वेडा झालाय. तो आपलीच फौज एकेक करून उचलून बाजूला ठेवत होता. शेवटी त्याच्यापुढे एकही शिपाई उरला नाही, आणि गोळा झालेल्या ताकदीवर त्याने जे काही टाकलं त्याने मी संपले. नंतर पुस्तकात ॲशनॉडचे कैदी आले तेव्हा मला वर्णन वाचावंच लागलं नाही. हाताला माहीत होतं.

पाकिटात घातलेलं कार्ड म्हणजे खेळाडूने जपलेलं कार्ड. कोपरा दुमडला, कडेला पांढरी रेघ आली, तरी त्याचा जीव खालीवर होतो. असा माणूस पुस्तकात खूण ठेवायला हाताला लागेल ते कार्ड घेत नाही. त्याच्याकडे बसचं तिकीट असेल, पावती असेल, दोरा असेल. त्यातून हे कार्ड, या पुस्तकात, आणि ज्या बहिणीला खेळ येत नाही तिला देताना. ते तुमच्यासाठी होतं असं मला वाटतं. कुठल्या तरी पानाशी तुम्ही थांबावं आणि येऊन विचारावं, 'दादा, हे काय आहे?' एवढीच त्याची अपेक्षा असेल. तुम्ही ते काढून बाजूला ठेवलंत आणि पुढे वाचत गेलात.

म्हणून ते हातात परत देऊ नका, आणि अंदाजाने कुठल्याही पानात खोचूही नका. पुस्तक आणि कार्ड दोन्ही घेऊन त्याच्याकडे जा आणि विचारा, हे कितव्या पानावर होतं. कार्ड कडेने धरा.